दोन पडदे

मराठीत एकच शब्द आपण दोन वस्तूंना लावतो. नाटकाचा पडदा आणि सिनेमाचा पडदा. पण दोघांचे काम अगदी उलट आहे. नाटकात पडदा वर गेला म्हणजे खेळ सुरू होतो. पडदा पडला की खेळ थांबतो. तिथे पडदा म्हणजे दार. सिनेमात पडदा जागचा हलत नाही. तो समोर ताणलेला असतो म्हणूनच खेळ दिसतो. तो फाटला तर राजाही फाटतो आणि राणीही फाटते.

पूर्वी जत्रेत तंबूतला सिनेमा येई. काही ठिकाणी लोक पडद्याच्या दोन्ही अंगांना बसत. मागच्या बाजूने पाहणाऱ्यांना चित्रे दिसत, पण पडद्यावरची अक्षरे उलटी दिसत. ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांचे काही बिघडत नसे! नाटक मात्र असे मागून पाहता येत नाही. मागे विंगेत गेलात तर राजा मिशी चिकटवताना दिसेल.

हे सारे आज सांगायचे कारण असे की, आमच्या वर्गातल्या मंडळींनी एका गावात एक नाटक केले आणि ते पडले.

गोष्ट चांगली होती. गरीब बाप कर्ज फेडण्यासाठी आपल्या कोवळ्या मुलीचे लग्न एका म्हाताऱ्या बिजवराशी ठरवतो. त्याबद्दल पैसे घेतो. नाटक मंडळींनी स्वतःच लिहिले होते. नुकतेच लिहायला शिकलेल्या हातांनी लिहिले होते. आम्हाला त्याचे मोठे कौतुक वाटले. सुताराच्या मुलाने सिनेमे पुष्कळ पाहिलेले. तो म्हणाला, "आपण सिनेमावाणी करू." मग त्यांनी अकरा प्रवेश घातले. घर, शेत, बाजार, एस.टी. स्टँड, सावकाराची माडी, परत घर, नदी, परत स्टँड. काही प्रवेश तर दोनदोन मिनिटांचे. दर वेळी पडदा पडायचा. आत बाजा सरकायच्या, खुर्च्या आदळायच्या. कुणीतरी ओरडायचे, "अरे, तुळस राहिली!" बाहेर लोक तंबाखू मळत बसायचे. सातव्या प्रवेशापर्यंत निम्मे लोक घरी गेले. उरलेल्यांत लहान मुले झोपलेली, आणि जागी होती ती आमची मंडळी.

एक आजी उठून जाताना आम्हाला म्हणाल्या, "लई पळविलं तुमी आमाला. कुठं बसूनच दिलं नाही."

आजींनी वर्मावर बोट ठेवले. सिनेमा पळवू शकतो. नाटकाला एका जागी बसवावे लागते. असे का, ते आता पाहू.

नाटकात आपण बसलो की बसलो. आपली जागा बदलत नाही. रंगमंच जितका दूर आहे तितका तो शेवटपर्यंत दूरच राहतो. म्हणून जे काही सांगायचे ते तिथून आपल्यापर्यंत यावे लागते. नट मोठ्याने बोलतो. कुजबुज करायची तरी ती शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेली पाहिजे! मनातले बोल तो 'स्वगत' म्हणून प्रेक्षकांकडे तोंड करून सांगतो. शेजारच्या पात्राला ते ऐकू आले नाहीत असे आपण समजून घेतो. खरे पाहता हा केवढा खोटेपणा. पण त्याचे आपल्याला काही वाटत नाही. कारण तो खोटेपणा आपण आणि नट मिळून करतो.

तमाशातली गवळण आठवा. गवळणी डोक्यावर दुधाची भांडी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात. त्या मंचावर एक गिरकी घेतात, आणि झाली मथुरा! झाड नाही, रस्ता नाही, यमुना नाही. डोक्यावर भांडेसुद्धा बहुधा नसते, नुसता हात वर धरलेला असतो. तरी कुणी विचारत नाही की मथुरा कुठे आहे. मथुरा पाहणाऱ्याच्या मनात उभी राहिलेली असते. सांगलीला 1843 साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक केले. तिथून मराठी नाटकाचा आरंभ धरतात. त्या काळी आजच्यासारखे दिवे नव्हते, देखावे नव्हते. सूत्रधार गाऊन सांगे, पात्रे बोलत, आणि बाकीचे पाहणारा पुरवी.

तर नाटकात जागा बदलायची ती शब्दाने बदलावी. एस.टी. स्टँड आणायला खुर्च्या लागत नाहीत. "आता गाडी यील," एवढे एक वाक्य पुरते. आमच्या मंडळींनी शब्दावर विश्वास ठेवला नाही, बाजांवर ठेवला.

आता सिनेमाकडे वळू. सिनेमा म्हणजे हलणारे चित्र असे आपण म्हणतो. पण त्यातले एकही चित्र हलत नाही. एका सेकंदात चोवीस स्थिर चित्रे आपल्यापुढून जातात. प्रत्येक चित्र आधीच्या चित्रापेक्षा किंचित वेगळे असते. आपली नजर आणि आपला मेंदू मिळून त्यांची साखळी जोडतात. म्हणून आपल्याला घोडा धावताना दिसतो. पूर्वी ही चित्रे लांब फितीवर असत. आता बहुतेक ठिकाणी फीत गेली आणि संगणकाची पद्धत आली. सिनेमा खिशातल्या फोनवर आला. पण चोवीस चित्रांची मेख तीच आहे.

दादासाहेब फाळके हे त्र्यंबकेश्वरला जन्मलेले. आपल्याकडचा पहिला मोठा कथापट 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी 1913 साली दाखवला. त्याच्या आधी त्यांनी एक लहानसा खेळ करून पाहिला होता. एक वाटाणा मातीत पेरला. कॅमेरा त्याच्यापुढे ठेवला. रोज थोडे थोडे चित्र घेत गेले. मग ती सारी चित्रे सलग दाखवली. तेव्हा दाणा फुटून त्याचा वेल होईपर्यंतची सारी वाढ लोकांना बसल्या जागी दिसली! शेतकऱ्याला यात नवल ते काय? तो जन्मभर पेरतो. पण दाणा उगवताना, म्हणजे अगदी हलताना, कुणी पाहिला होता? ही गोष्ट कोणत्याही नाटकाला साधणार नाही. वेळेला चिमटीत धरून आखूड करणे किंवा लांबवणे, हे सिनेमाचे पहिले सामर्थ्य.

दुसरे सामर्थ्य तुकडे जोडण्याचे. सिनेमा आपण पाहतो त्या क्रमाने घेत नाहीत. एका घरातले सगळे प्रवेश आधी उरकून घेतात. त्यात म्हाताऱ्याचे मरण सोमवारी होते आणि त्याच म्हाताऱ्याचे लग्न गुरुवारी लागते. नटाला सोमवारी रडायचे आणि गुरुवारी बाशिंग बांधायचे. पुढे ते तुकडे कापून, निवडून, क्रमाने लावतात. गोधडी शिवणाऱ्या बायकांना हे काम चटकन समजेल. तुकडे तेच असले तरी कोणता कशाला लागून शिवला यावर गोधडीचे रूप ठरते. बापाचा चेहरा दाखवला आणि लगेच नोटांची गड्डी दाखवली, तर बाप लोभी वाटतो. तोच चेहरा दाखवून लगेच आजारी लेकरू दाखवले, तर तोच बाप बिचारा वाटतो. चेहरा मात्र एकच. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे ही. नाटकात आपण कुणाकडे पाहायचे ते आपणच ठरवतो. राजा बोलत असताना कोपऱ्यातल्या शिपायाकडे पाहिले तरी कोण अडवणार? सिनेमात आपल्या वतीने दुसऱ्या कुणीतरी आधीच पाहून ठेवलेले असते. त्याने शिपाई गाळला असेल, तर तुमच्यापुरता शिपाई नव्हताच. पडद्यावर दिसले म्हणजे ते तसेच घडले, असे म्हणणाऱ्या माणसाने हे ध्यानात घ्यावे.

आता देखाव्यांविषयी. इथे आम्हाला कोल्हापूरच्या एका कारागिराची गोष्ट सांगायची आहे, आणि ती जरा सावकाश सांगू.

बाबूराव मिस्त्री हे त्यांचे नाव. लोक त्यांना बाबूराव पेंटर म्हणत. ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. मोठ्या कापडावर राजवाडा, वन, रस्ता, महाल असे देखावे रंगवायचे. या कामात दोघांचे नाव फार मोठे होते. कापड सपाट, पण रंगाच्या करामतीने त्यावर खांब पुढे आलेला दिसे, दालन आत गेलेले दिसे. दिव्यांच्या उजेडात, लांबून पाहताना लोक थक्क होत.

फाळक्यांचा सिनेमा पाहून या भावांना त्याचा ध्यास लागला. 1916 साली आनंदराव वारले. बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामले यांना हाताशी घेऊन त्यांनी 1918 साली स्वतः कॅमेरा तयार केला. विकत आणला नाही, घडवला. मग 1920 साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला. मूकपट म्हणजे न बोलणारा सिनेमा. त्यात मधूनमधून अक्षरांच्या पाट्या येत. ज्याला वाचता येई तो शेजाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवी.

आता गंमत पाहा. ज्या माणसाने रंगवलेल्या पडद्यांवर नाव मिळवले, त्याच माणसाने सिनेमातून ते पडदे काढून टाकले. का? कारण कॅमेरा जवळ जातो. कापडावरचा खांब लांबून खांब दिसतो, जवळून कापड दिसते. वारा आला की राजवाडा हलतो. नाटक पाहणारा याला हसत नाही. तो समजुतीने घेतो. कॅमेऱ्याला समजूत नाही. म्हणून बाबूरावांनी खऱ्या भिंती, खरे खांब, आत जाता येईल अशी दालने उभी केली. चित्रणाआधी ते पोशाखांची आणि पात्रांच्या हालचालींची चित्रे काढून ठेवत. 'सैरंध्री'त भीम कीचकाला मारतो तो देखावा इतका खराखुरा उतरला की सरकारी परीक्षकांनी तो कापायला लावला. लोकांनी कीचकवध आख्यानात आणि खेळात पुष्कळदा पाहिला-ऐकला होता. तेव्हा कुणाला भोवळ आली नाही.

याच बाबूरावांनी 1925 साली 'सावकारी पाश' काढला. सावकार एका शेतकऱ्याची जमीन गिळतो. तो शेतकरी गाव सोडून शहरात जातो आणि गिरणीत मजूर होतो. बस, एवढीच गोष्ट. देव नाहीत, राजे नाहीत. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. त्या काळी सिनेमा म्हणजे पुराणातल्या आणि इतिहासातल्या कथा. तिथे कुळाची झोपडी आली! नाटकात झोपडी दाखवायची तर शेतकऱ्याला बोलायला लावावे लागते. "आमच्या घराची दशा पाहा," असे त्याच्या तोंडून वदवावे लागते. मूकपटात बोलणे नव्हतेच. अंधारी झोपडी, रिकामी चूल आणि गप्प बसलेला माणूस, एवढे दाखवले की झाले. आमच्या मते गरिबीला सिनेमा जास्त मानवतो. गरीब माणूस फार बोलत नाही. नाटकात न बोलणाऱ्याला कोण विचारतो?

माणसांच्या बाबतीतही असाच प्रकार झाला. नाटकात पूर्वी बायकांची कामे पुरुष करत. त्यात बालगंधर्वांचे नाव सर्वांत वर. त्यांच्यासारखे लुगडे नेसावे म्हणून शहरातल्या बायका त्यांच्याकडे पाहून शिकत. फाळक्यांनाही पहिल्या चित्रपटात तारामतीसाठी बाई मिळाली नाही. ते काम अण्णा साळुंके यांनी केले. ते एका उपाहारगृहात कामाला होते. याच साळुंक्यांनी पुढे 1917 साली 'लंकादहन'मध्ये रामाचे काम केले आणि सीतेचेही केले! दोन्ही तुकडे वेगळाले घेतले की झाले. नाटकात असे करायचे तर रामाने सीतेला हाक मारून स्वतःच ओ द्यावी लागेल. 1913 सालीच फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामे केली. सिनेमात बाईचे काम बाईने करण्याची वाट तिथून पडली.

बालगंधर्व 1935 साली 'धर्मात्मा' या बोलपटात आले. त्यात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली, म्हणजे पुरुषाचीच. पुढे 1937 साली 'साध्वी मीराबाई' निघाला. त्यात ते मीरा झाले. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीला टेकले होते. रंगमंचावर हजारो लोकांनी त्यांना या वयातही स्त्री म्हणून मानले होते. कॅमेऱ्याने मानले नाही. तो चित्रपट काही चालला नाही. कलावंत तोच, गळा तोच. पण नाटकगृहात 'वन्समोर' म्हणून ओरडणारे लोक समोर असतात. त्यांचे प्रेम पाहून नट फुलतो. कॅमेऱ्यापुढे समोर कोण? एक काचेचा डोळा.

उलट उदाहरणही आहे. विष्णुपंत पागनीस हेही नाटकात स्त्रियांची कामे करणारे. प्रभात कंपनीच्या 'संत तुकाराम' मध्ये 1936 साली ते तुकाराम झाले, आणि पुढे कित्येक घरांत लोकांनी तुकाराम म्हणून त्यांचाच चेहरा मनात धरला. त्यांनी नाटकी हातवारे सोडून दिले. त्यात तुकारामांची बायको जिजाई चप्पल घेऊन देवळात विठोबाला मारायला निघते. हा प्रसंग पाहणारे हसतात आणि लगेच गप्प होतात. असो. तुकारामांवर बोलू लागलो तर इथेच रात्र होईल.

आमच्या गावच्या नाटकाची गोष्ट आणि तिचा विषय मराठी माणसाला नवा नाही. त्या विषयावर एक थोर नाटक आहे आणि एक थोर सिनेमाही आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की फरक हातात येतो.

नाटक म्हणजे गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा'. ते 1899 साली रंगभूमीवर आले. कांचनभट नावाचा लोभी बाप पैशासाठी आपली मुलगी शारदा भुजंगनाथ नावाच्या म्हाताऱ्या श्रीमंताला द्यायला निघतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ. त्याच्या गोड जिभेतच सगळे विष. शारदेच्या मनात काय चालले आहे ते ती मैत्रिणींशी बोलते आणि गाऊन सांगते. शेवटी ऐन लग्नाच्या वेळी नवरा-नवरी सगोत्र असल्याचे उघड होते आणि लग्न मोडते. भुजंगनाथ या नाटकात हसण्याचा विषय होतो. मुंडावळ्या बांधायला निघालेला बोळका म्हातारा! लांबून पाहिला की तो विदूषकासारखा दिसतो. देवलांना तेच हवे होते. ज्या नवरदेवाला अख्खे नाटकगृह हसले, त्याच्यासारखा नवरदेव दुसऱ्या दिवशी वरातीत मिरवायला लाजणार नाही का?

इथे एक भानगड मिटवून टाकू. 1929 साली बालविवाहाविरुद्ध कायदा झाला. लोक त्याला 'सारडा कायदा' म्हणत. कित्येकांना वाटते की हे नाव या नाटकातल्या शारदेवरून पडले. तसे नाही. हरबिलास सारडा नावाच्या गृहस्थांनी तो आणला, त्यांच्या आडनावावरून ते पडले. त्या कायद्यात मुलीचे वय 14 धरले होते. आता ते 18 आहे आणि मुलाचे 21.

सिनेमा म्हणजे 'कुंकू'. प्रभात कंपनीने 1937 साली काढला, शांतारामांनी दिग्दर्शन केले. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून तो घेतला. इथे लग्न मोडत नाही. ते लागते. नीरा नावाच्या तरुण मुलीला फसवून एका वयस्कर विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतात. ती त्या घरात राहते, पण त्याची बायको व्हायला साफ नकार देते. नीरेचे काम शांता आपटे यांनी केले आणि काकासाहेबांचे केशवराव दाते यांनी. दाते हे नाटकातले नामांकित नट.

या चित्रपटात एक धाडस केले होते. बोलण्यामागे, रडण्यामागे जे संगीत वाजते ते त्यात ठेवले नाही. घरातले आवाज तेवढे ठेवले. पावले, दारे, भांडी. आणि भिंतीवरचे जुने घड्याळ. ती टिकटिक ऐकता ऐकता म्हाताऱ्याचे वय आपल्याला कुणी न सांगता समजते. नाटकात घड्याळ भिंतीवर टांगले तर ती एक वस्तू असते. सिनेमात कॅमेरा त्याच्या जवळ गेला की ते पात्र होते.

आणि काकासाहेब? दाते यांच्या चेहऱ्याजवळ कॅमेरा जातो तेव्हा तिथे विदूषक नसतो. शरमेने खाली गेलेले डोळे असतात. आपण चूक केली हे कळलेला, पण मागे कसे फिरावे हे न कळणारा माणूस असतो. त्याचा राग यावा म्हणून आपण बसतो, आणि बघता बघता त्याची कीव येऊ लागते. शेवटी तो स्वतःचा जीव देतो, नीरेने पुन्हा लग्न करावे अशी इच्छा मागे ठेवून. लांबून पाहिले की माणसाचे हसू येते, जवळून पाहिले की कीव येते. देवलांनी लांबून दाखवले, शांतारामांनी जवळून. कुणी खोटे दाखवले असे आम्हाला वाटत नाही. मात्र एक सांगतो. काकासाहेबांची कीव करता करता नीरेचे काय झाले हे विसरायला नको. जवळ गेले की दुसरे माणूस दृष्टीआड होते, हा सिनेमाचा धोका.

सिनेमा एकदा झाला की झाला. 'कुंकू' कोल्हापूरला दाखवा की नागपूरला, काकासाहेब तेवढेच वाक्य, तेवढ्याच वेळात बोलतात. म्हणूनच तो गावोगाव स्वस्तात पोचतो आणि नट मेल्यावरही बोलत राहतो. नाटकाला हे सुख नाही. नाटक रोज नव्याने करावे लागते. आजचे कालच्यासारखे होत नाही. पण त्यामुळेच त्यात एक दार उघडे राहते.

ते दार आम्ही कसे पाहिले ते सांगून थांबतो.

पडलेले नाटक मंडळींनी पुढच्या वर्षी पुन्हा केले. या वेळी त्यांनी आजींना विचारायला बोलावले. अकरा प्रवेशांचे दोन झाले. पडदा एकदाच पडायचा. सुताराच्या मुलाने स्टँड, माडी, बाजार सारे सोडून दिले आणि एक चौकट तेवढी बनवली. चौकटीच्या आत घर, बाहेर जग. लग्नाची बोलणी बाहेरच्या ओट्यावर, मुलगी आत जात्यावर.

अडचण पैशाची होती. बाप नोटा मोजतो हे दाखवायचे कसे? सुताराच्या मुलाच्या डोक्यात अजून सिनेमाच होता. पडद्यावर नुसता हात आणि नोटा दिसल्या असत्या. इथे दहाव्या रांगेला नोटा काय, हातही दिसणार नाही. तेव्हा आजी म्हणाल्या, "मोठ्यानं मोज की. आन् ती आत दळत आसंल नव्हं? जातं थांबूं द्या."

तसेच केले. बाप ओट्यावर बसून मोठ्याने मोजू लागला. "एक. दोन. तीन." आतून जात्याची घरघर येत होती. पोरगी नुसतीच दळत होती, गाणे नाही, बोलणे नाही. "सात. आठ." घरघर मंद झाली. "अकरा." जाते थांबले. बाप मात्र मोजतच राहिला. त्या अंगणात पाचेकशे माणूस असेल, पण कुणाचा आवाज नव्हता.

तेवढ्यात मागून, बैलगाड्या सोडल्या होत्या तिथून, एक माणूस ओरडला. आम्हाला अंधारात तो दिसला नाही. "आरं, बास कर! ती ऐकतीया आत!"

बापाचे काम करणारा गडी दचकला. त्याच्या हातातल्या नोटा खाली पडल्या. विंगेतून प्रॉम्प्टर पुढचे वाक्य सांगत होता, पण त्याला ते ऐकू गेले नाही. त्याने चौकटीकडे पाहिले. मग ओरडणाऱ्याच्या दिशेने पाहिले. खाली वाकून नोटा गोळा केल्या. किती झाल्या होत्या ते तो विसरला होता. त्याने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.